कावीळ उतरते, पण सगळ्यांची नाही

[दृश्य: तळहातावर काड्यांची माळ, अगदी जवळून]

ही काविळीची माळ. नागपूरच्या आजूबाजूच्या खेड्यांत, शहरातल्या वस्त्यांतही अजून लोक ही डोक्यावर घालून घेतात. ओल्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले. आज डोक्यावर टोपीसारखी बसलेली माळ दोन-तीन दिवसांत गळ्यात येते, मग पोटापर्यंत लोंबते. काड्या वाळतात, आक्रसतात, गाठी ढिल्या पडून दोरा मोकळा होतो. बस्स. कावीळ ‘उतरवताना’ चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, तेही असंच. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो.

‘पण माणूस बरा होते ना जी?’ होतो की! दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच उतरते. माळ घाला, नाहीतर नका घालू. नाव मात्र माळेचं होतं.

आता डॉक्टरांचीही अशीच फसगत ऐका. दिल्लीत 1955-56 साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. ही हिपॅटायटिस ए या, यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूची साथ, असं पुढची वीस-पंचवीस वर्षं सगळेच धरून चालले. बऱ्या होणाऱ्या आजाराची फार चौकशी कोण करतो?

[दृश्य: काश्मीर खोरं, हिवाळा]

1978 चा हिवाळा. काश्मीरमध्ये सोपोर भागात कावीळ पसरली. श्रीनगरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू तपासाला लागले. रुग्णांच्या रक्तात हिपॅटायटिस एच्या ताज्या संसर्गाची खूण नव्हती आणि हिपॅटायटिस बी या दुसऱ्या विषाणूचीही साथ दिसेना. तसंही ए तेव्हा आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन गेलेला असायचा, तो मोठ्या माणसांना एवढ्या संख्येनं गाठेल कसा? मग हा कोण?

धागा सापडला तो बरे न झालेल्यांमध्ये. पाहणीतल्या 208 गर्भवतींपैकी 36 जणींना कावीळ झाली आणि त्यातल्या 8 जणींचं यकृत निकामी झालं. त्याच वयाच्या, पण गर्भवती नसलेल्या 71 बायकांना कावीळ झाली होती, त्यांच्यापैकी एकीवरही ही वेळ आली नाही. कावीळ झालेल्या 107 पुरुषांपैकी तिघांवर आली. पाणी तेच, गावं तीच. खुरूंनी 1980 मध्ये मांडलं, की हा वेगळाच विषाणू असावा.

विषाणू डोळ्यांना दिसला 1983 मध्ये. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क चक्क स्वतः प्यायला, आजारी पडले आणि आपल्याच विष्ठेत त्याचे कण शोधले. वेडेपणाच म्हणायचा, पण कामी आला. पुढे या विषाणूला नाव मिळालं हिपॅटायटिस ई.

[दृश्य: नागपूर, पावसाळा. अरुंद गल्ली, नाली, नालीतून गेलेला नळाचा पाइप, टुल्लू पंपाचा आवाज]

नागपूरला येणारं पेंच धरणाचं पाणी शुद्ध होऊन निघतं. घोळ वाटेत होतो. पाइप नालीतून गेलेला, सांध्याला चीर. नळ सुरू असतो तोवर आतला दाब घाण बाहेर ठेवतो. पाणी गेलं की दाब पडतो, त्यात कोणी नळाला टुल्लू, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप, लावून ठेवलेला असला की नालीचं पाणी चिरेतून आत ओढलं जातं. पिणाऱ्याला कावीळ होते ती दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कधीही. तोवर पाइप दुरुस्त झालेला असतो आणि दोष जातो कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याला. कधीकधी तो खराही असतो म्हणा.

बाळाला जन्मल्यावर 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात जी लस टोचतात, ती हिपॅटायटिस बीची. ईची लस चीननं 2011 मध्ये मंजूर केली, आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. म्हणून घरात गर्भवती असेल तर पावसाळ्यात तिचं पाणी उकळूनच द्यायचं, चांगली उकळी फुटेपर्यंत.

आणि तिचे डोळे पिवळे दिसले, लघवी गर्द व्हायला लागली, तर त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो, ही नागपूरची मोठी सरकारी रुग्णालयं, गाठायचं. दिवसा झोप, रात्री जाग, बोलण्यात असंबद्धपणा, हिरड्यांतून रक्त यातलं काहीही दिसलं, तर सकाळ होण्याची वाटही पाहायची नाही. यकृत निकामी होत असल्याच्या या खुणा आहेत.