सही न करणारा माणूस

मंडळी, पत्रिकेत विषय ‘जॉन डिकिन्सन आणि अमेरिकेची राज्यघटना’ असा आहे. घटनेकडे येतोच, पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐका. 4 जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन म्हटलं की जेफरसन, फ्रँकलिन, ॲडम्स ही नावं आपल्याला पाठ. डिकिन्सन म्हणजे काय, तर 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही न करणारे, भित्रे! हे ऐकलं की माझ्या जिवाला लागतं.

ज्या माणसानं 1767-68 मध्ये ‘शेतकरी’ या टोपणनावानं बारा पत्रं लिहिली, काच-कागद-चहावरची जकात कितीही किरकोळ असली तरी ती इंग्लंडला आपल्या संमतीवाचून महसुलासाठी घेता येणार नाही हे अमेरिकेतल्या सगळ्या इंग्रज वसाहतींना पटवलं, तो भित्रा?

आता तो टोपीचा किस्सा सांगतोच, मला फार आवडतो. 1775 च्या जुलैत डिकिन्सननी इंग्लंडच्या राजाला समेटाचा शेवटचा अर्ज लिहिला. स्वातंत्र्याचे आग्रही जॉन ॲडम्स वैतागले. एका पत्रात त्यांनी लिहिलं की, एका गडगंज, कोत्या बुद्धीच्या माणसानं आपल्या सगळ्या कामाला बावळट कळा आणलीय. नाव घातलं नव्हतं. पण पत्र इंग्रजांच्या हाती पडलं आणि त्यांनी ते बॉस्टनमध्ये छापून टाकलं! तो गडगंज कोण, हे फिलाडेल्फियात कुणाला सांगावं लागलं नाही. सप्टेंबरात चेस्टनट स्ट्रीटवर दोघं समोरासमोर आले, कोपराला कोपर लागेल इतके जवळ. ॲडम्सनी टोपी काढली, वाकले. डिकिन्सननी ना टोपी हलवली, ना मान, ना हात. निघून गेले. आणि हे कळलं कुठून? ॲडम्सच्याच डायरीतून. स्वतःचा अपमान त्यांनी इतका तपशीलवार लिहून ठेवला, याबद्दल मला त्यांचंही कौतुक वाटतं.

पुढच्या वर्षी, 1 जुलैला, डिकिन्सन काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, बोलायला उभे राहिले. फ्रान्सशी करार नाही, वसाहतींचा आपसातला संघ ठरलेला नाही; अशा वेळी स्वातंत्र्य पुकारणं म्हणजे कागदाच्या होडीतून वादळात शिरणं. या भाषणानं उरलीसुरली लोकप्रियता जाणार, हे त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते आणि पेनसिल्व्हेनियाचेच दुसरे प्रतिनिधी रॉबर्ट मॉरिस मतदानाला बसले नाहीत. पेनसिल्व्हेनियाचं मत तीन विरुद्ध दोन असं स्वातंत्र्याच्या बाजूनं पडलं. दोघं बसून विरोधात गेले असते तर? चार विरुद्ध तीन, उलट! स्वतःचं मत बदललं नाही, पण देशाची वाटही अडवली नाही. आणि लगेच आपली पलटण घेऊन न्यू जर्सीकडे निघाले. याला भित्रेपणा म्हणायचं?

चिठ्ठी आली, वेळ संपत आलीय. तर घटना. घटनेच्या आधीच्या, राज्यांच्या संघाच्या पहिल्या करारनाम्याचा मसुदा 1776 मध्ये डिकिन्सननीच केला होता. 1786 मध्ये राज्यांच्या प्रतिनिधींची ॲनापोलिसला बैठक झाली, तिचे अध्यक्ष तेच. फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेची हाक तिथूनच गेली. परिषदेत ते डेलावेअरकडून होते. सिनेटचे, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचे, सदस्य राज्यांच्या विधिमंडळांनी निवडावेत हा ठराव त्यांचा. आपल्या गुलामांना त्यांनी 1777 मध्ये अटींवर आणि 1786 मध्ये बिनशर्त मुक्त केलं. यावर खरं तर वेगळं बोलायला हवं. घटनेवर सह्या झाल्या त्या दिवशी ते आजारी होते. त्यांचं नाव तिथं आहे, पण ते डेलावेअरचेच प्रतिनिधी जॉर्ज रीड यांनी त्यांच्या वतीनं लिहिलेलं. बारा पत्रांबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांनी थांबा, मी इथंच आहे.