विसण किती घालायचं?

(दृश्य: रंगपंचमी, जुनं नाशिक. कढईतला वाफाळता रंग रहाडीत, म्हणजे जमिनीतल्या हौदात, ओतला जातोय.)

वर्षभर फळ्या आणि मातीखाली झाकलेली ही पेशवेकालीन रहाड रंगपंचमीला उघडते. पानाफुलांचा रंग उकळून हिच्यात ओततात आणि मग धपाधप उड्या पडतात. उकळता रंग, तरी कुणी पोळत कसं नाही?

रहाडीत २५ अंशांचं एक लाख लिटर पाणी आहे असं धरू. वरून ओतलेला रंग २०० लिटर, १०० अंशांचा. रंग जेवढी उष्णता सोडेल, तेवढीच पाणी घेईल. मग दोघांचं वजन आपापल्या तापमानाने गुणायचं, बेरीज करायची आणि एकूण वजनाने भागायचं. उत्तर येतं २५.१५. आख्खी कढई रिकामी झाली, तरी पाव अंशसुद्धा वाढला नाही!

हे सूत्र १७५० च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गच्या गेऑर्ग रिखमान यांनी मांडलं. विजेच्या प्रयोगात १७५३ साली बिचाऱ्यांचा जीव गेला, ती वेगळीच कथा.

(दृश्य: भट्टी. लालबुंद तांब्याचं भांडं चिमट्यात.)

पाण्यात पाणी मिसळताना सूत्र चोख चालतं. जुन्या नाशकातल्या तांबट लेनमधल्या कामाला ते लावलं, की घोटाळा होतो. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, म्हणून तांबट ते मध्येच लाल करून मऊ करतात आणि पाण्यात विझवतात. चर्रर्र! ६०० अंशांचं एक किलो तांबं, खाली २५ अंशांचं दहा लिटर पाणी. सूत्र सांगतं, पाणी ७७ अंशांवर जाईल. हात घालून बघा, कोमटसुद्धा नाही. जेमतेम ३०.

त्यापेक्षा एक लिटर उकळतं पाणी ओतलं असतं, तर पारा ३२ च्या जवळ गेला असता. म्हणजे लाल तांब्यापेक्षा चहाचं आधण भारी! कारण एक अंश चढायला पाण्याला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जेमतेम ०.०९ पट तेवढ्याच वजनाच्या तांब्याला पुरते. थंड होताना ते सोडणार तरी किती? म्हणून वजन आणि तापमानाच्या जोडीला हा तिसरा आकडाही गुणावा लागतो. त्याचं नाव विशिष्ट उष्माधारकता. पदार्थापदार्थांतला हा फरक स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या सुमारास ओळखला.

(दृश्य: डिसेंबरची पहाट, अंगणात धुरकटलेला बंब.)

बंबातलं पाणी ८० अंश, नळाचं १५. अंघोळीला ४० हवं. गरम पाणी ४० अंश उतरणार, गार २५ चढणार. म्हणून गरम ५ तांबे, विसण ८. उन्हाळ्यात नळालाच २८ अंशांचं पाणी आलं, तर गरम ३ आणि विसण १०.

बादली पितळी असेल तर? दोन किलोंची बादली या हिशोबात फुलपात्रभर पाण्याएवढीच भरते. तिच्यासाठी वेगळं काही मोजू नका.