पुरुषांची ठिसूळ हाडे: रक्तातून काय कळते?

१८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले, आणि तेव्हापासून सांगली जिल्ह्यातूनच नव्हे, तर कर्नाटकातूनही रुग्ण या गावाची वाट धरत आले आहेत. आज इथल्या दवाखान्यांबाहेर कमरेला पट्टा बांधून बसलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांचे दुखणे स्नायूंचे किंवा मणक्यांमधील चकतीचे असते. काही थोड्यांचे मात्र मुळात हाडच ठिसूळ झालेले असते, आणि पुरुषांच्या बाबतीत ही शंका फार उशिरा घेतली जाते.

समजा, तासगावकडचा पंचेचाळिशीचा एक द्राक्ष बागायतदार आहे. तोडणीच्या दिवसांत क्रेट उचलताना त्याच्या पाठीत कळ आली, घरच्यांनी उसण भरली म्हणून शेक दिला, आणि महिन्याभराने काढलेल्या एक्स-रेमध्ये एक मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा दबलेला दिसला. डेक्सा तपासणीत हाडांची घनता त्याच्या वयाच्या मानाने बरीच कमी निघाली. आता कारण शोधायचे. स्टिरॉइडच्या गोळ्या, दारू, टेस्टोस्टेरॉनची कमतरता, थायरॉइड व पॅराथायरॉइड ग्रंथींचे विकार, ड जीवनसत्त्वाचा अभाव, गव्हातील ग्लुटेन न सोसणारे आतडे, मूत्रपिंडाचे आजार, मायलोमा नावाचा रक्ताचा कर्करोग: यांपैकी काहीही सापडले नाही, तरच या आजाराला अकारण म्हणता येते. हा शोध अर्धवट सोडून दिलेले निदान रुग्णाच्या हिताचे नाही.

डेक्सा हाडात आज किती खनिज शिल्लक आहे ते सांगते. हाड कोणत्या वेगाने झिजते आणि भरून येते, ते रक्त सांगते. आपल्या हाडांत ऑस्टिओक्लास्ट पेशी जुना भाग काही आठवड्यांत विरघळवतात, आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी ती जागा पुढच्या काही महिन्यांत भरून काढतात. विरघळताना कोलॅजनचे, म्हणजे हाडाची चौकट बनवणाऱ्या प्रथिनाचे, जे तुकडे रक्तात उतरतात, त्यांतला एक म्हणजे सीटीएक्स. नवे कोलॅजन रचताना जो भाग कापला जातो, तो पी१एनपी. अकारण ठिसूळपणा असलेल्या पुरुषांचे चित्र एकसारखे नसते. अनेकांत हाड बांधणाऱ्या पेशीच मंदावलेल्या आढळतात, तर काहींत झीज वाढलेली असते. अशा पुरुषांच्या काही गटांत आयजीएफ-१ हा वाढीला चालना देणारा घटक आणि एस्ट्राडिओल कमी आढळले आहे. एस्ट्राडिओल हे बायकांचेच संप्रेरक, असा समज अजून सर्रास आहे. पण पुरुषाच्या हाडांनाही ते लागते, हे १९९४ साली एस्ट्रोजेनला (एस्ट्राडिओल ज्या गटात मोडते त्या संप्रेरकांना) दाद न देणाऱ्या शरीराच्या एका तरुणाच्या विरळ हाडांवरून स्पष्ट झाले.

ही तपासणी नाजूक आहे, म्हणून रक्त घेण्याच्या वेळेकडे बारकाईने पाहावे लागते. सीटीएक्स पहाटे चढते आणि दुपारपर्यंत उतरते. शिवाय खाल्ल्यावर ते आणखी घटते. म्हणून रक्त सकाळी, रात्रभराच्या उपाशीपोटीच द्यावे. पहाटेच्या एसटीने निघालेला माणूस स्टँडवर दूधसाखरेचा चहा आणि दोन बिस्किटे घेऊन आला, तर अहवालातला आकडा खोटा दिलासा देऊ शकतो, आणि हे त्याला आदल्या दिवशीच नीट समजावून सांगणे दवाखान्याचे काम आहे. पी१एनपीवर जेवणाचा फारसा परिणाम होत नाही. मूत्रपिंड मंदावले असेल, तर सीटीएक्स रक्तात साचते. ताजे फ्रॅक्चर असेल, तर दोन्ही आकडे कित्येक महिने चढे राहू शकतात. त्यामुळे आपल्या बागायतदाराचा पहिला अहवाल डॉक्टरांनी मणका दबल्याची तारीख समोर ठेवूनच वाचायला हवा.

केवळ या आकड्यांवरून निदान होत नाही. त्यांचा खरा उपयोग उपचार सुरू झाल्यावर दिसतो. झोलेड्रॉनिक आम्लासारखे झीज रोखणारे औषध लागू पडले, तर सीटीएक्स लवकरच खाली येते. टेरिपॅराटाइडच्या रोजच्या इंजेक्शनने हाड बांधले जाऊ लागले, तर पी१एनपी वर जाते. डेक्सामध्ये फरक दिसायला वर्ष-दोन वर्षे जातात, तर हा बदल तीन ते सहा महिन्यांत कळतो. अट एवढीच की, दुसऱ्या वेळचे रक्तही त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी आणि उपाशीपोटीच दिलेले असावे.