दोन इंच फोम : प्रा. मधु दंडवते यांचा समाजवाद

मित्रहो, मधु दंडवते म्हटलं की आपल्याकडे बोलणं कोकण रेल्वेवर येतं. तिथे मीही येणार आहे, पण जरा उशिरा. आधी मुंबई-हावडा गाडीत बसू या.

१९७४ साली भारतीय रेल्वेतला तिसरा वर्ग रद्द झाला. रद्द झाला म्हणजे डब्यावरची पाटी बदलली. कालचा तिसरा वर्ग आज दुसरा झाला, आणि आतली लाकडी फळी होती तिथेच राहिली. तुमच्यापैकी ज्येष्ठांना ती फळी आठवत असेल. पट्ट्यापट्ट्यांची, मधे फटी असलेली. रात्रभर कूस बदलत राहायचं आणि सकाळी पाठीवर पट्ट्या मोजायच्या. वरच्या वर्गाला गादी आणि खालच्याला फळी, याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. रेल्वेला सगळ्यात जास्त उतारू खालच्या वर्गातून मिळत होते, तरीही.

मार्च १९७७ मध्ये जनता सरकार आलं आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंच फोम घालायचं ठरवलं. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. या गाडीला पहिला वर्ग नव्हताच. जवळपास दोन हजार किलोमीटरचा प्रवास सगळ्यांनी एकाच वर्गातून करायचा. पहिला वर्ग खाली ओढायचा नाही, दुसरा वर उचलायचा, अशी त्यांची भूमिका होती. मला हा माणूस इथे सगळ्यात नीट दिसतो. समाजवादावर ग्रंथ लिहिणारे पुष्कळ झाले. समाजवाद इंचांत मोजून निविदेत घालणारे फार थोडे. पुढच्या दहा-बारा वर्षांत फोम हळूहळू सगळीकडे पोचला. आज स्लीपरच्या डब्यात पाठ टेकताना आपल्याला ती गोष्ट आठवतही नाही, आणि सुधारणा अंगवळणी पडली म्हणजे असंच व्हायचं.

हे डोकं आलं कुठून? दंडवते मूळचे नगरचे, जन्म २१ जानेवारी १९२४. पदार्थविज्ञानात एम. एस्सी. केलं आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात १९७१ पर्यंत तोच विषय शिकवला. हे कॉलेज डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, १९४६ सालचं. समोरच्या बाकांवर नोकरी सांभाळून शिकणारी मुलं, घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात आलेलं, वर्गात दलित विद्यार्थी मोठ्या संख्येने. अशा वर्गात शिकवणाऱ्याला एक सवय लागत असावी : समोरच्याला काही येत नाही असं गृहीत धरायचं नाही, आणि सगळं येतं असंही नाही. लोकसभेतली त्यांची भाषणं वाचा. आकडे असतात, नियमांचे क्रमांक असतात, आणि मधेच एखादी कोपरखळी, जिला समोरचा मंत्रीसुद्धा हसून जातो. आवाज न चढवता विरोधकाला अडवायचं, हे वर्गात शिकलेलं.

आणि हे एकट्या दंडवत्यांचं नव्हे. महाराष्ट्रात समाजवादी चळवळीने मास्तर फार दिले. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवणारे ग. प्र. प्रधान विधान परिषदेत विरोधी पक्षनेते झाले. प्रा. सदानंद वर्दे राज्याचे शिक्षणमंत्री झाले. साखर कारखाना नाही, बँक नाही, जातीची गठ्ठा मतं नाहीत, अशा पक्षाला दुसरं कोण मिळणार? शिक्षकाकडे ठरलेला पगार, वाचनाची सवय आणि बोलायची हातोटी असते. हीच त्या पक्षाची ताकद होती, आणि खरं सांगायचं तर मर्यादाही. मास्तरांना पक्ष वाढवण्यापेक्षा पक्ष समजावून सांगण्यात रस जास्त. १९५२ नंतर समाजवादी किती वेळा फुटले आणि किती वेळा जुळले, याची यादी द्यायची तर आजची संध्याकाळ पुरणार नाही.

दंडवते मात्र वर्गाबाहेरही होते. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात तुकडी घेऊन गेले आणि पोर्तुगीज पोलिसांचा मार खाऊन परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. वर्षभर विधान परिषदेतही बसले. मग जानेवारी १९७१ मध्ये राजापूरचे समाजवादी खासदार बॅ. नाथ पै गेले. नाथ पैंचा कोकणातला राजापूर मतदारसंघ म्हणजे वाणीने भारावलेला मतदारसंघ. तिथे नगरचा, कोकणाशी नात्याने न जोडलेला प्राध्यापक उभा राहिला आणि निवडून आला. तिथून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा. १९७१ ची इंदिरा लाट, १९८४ ची सहानुभूतीची लाट, दोन्ही अंगावर घेऊन. १९८४ ला भलेभले वाहून गेले होते, हे लक्षात घ्या.

आणीबाणी लागली तेव्हा दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. तिथेच वाजपेयी, अडवाणी यांच्याबरोबर पकडले गेले. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. नवरा एका राज्यात कैदी, बायको दुसऱ्या, आणि संसार पत्रांवर, तीही तुरुंगाची नजर फिरून आलेली. प्रमिलाताई १९८० ला स्वतः मुंबईतून खासदार झाल्या. त्यांच्यावर वेगळं व्याख्यान ठेवा, मी येईन.

तुरुंगातून सुटून मंत्री झालेल्या माणसाने हिशेब चुकते करायचे ठरवले असते तर नवल नव्हतं. रेल्वे खात्यात दंडवत्यांनी हिशेब केला तो १९७४ च्या रेल्वे कामगारांच्या संपाचा. त्या संपात कामावरून काढलेल्यांना त्यांनी परत घेतलं. गीतांजलीची रोषणाई सगळ्यांना दिसली, हे काम फायलींतून झालं. ज्या घरात बडतर्फीचा कागद आला होता, त्या घराला कोणतं काम मोठं वाटलं असेल ते तुम्हीच ठरवा.

आता कोकण रेल्वे. दंडवते रेल्वेमंत्री असताना आपटा ते रोहा हा तुकडा मार्गी लागला, पण रोह्यात गाडी यायला १९८६ उजाडलं. खाली मंगळूरपर्यंत सह्याद्रीची उतरंड, खाड्या, नद्या. रेल्वेचं ठरलेलं उत्तर : पैसा नाही. डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंगांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले. दोघांनी वेगळी वाट काढली. रेल्वेच्या अंदाजपत्रकावर विसंबायचंच नाही. स्वतंत्र महामंडळ काढायचं, भागभांडवल ५१ टक्के केंद्राचं, २२ महाराष्ट्राचं, १५ कर्नाटकचं, गोवा आणि केरळचे सहा-सहा. बाकीचा पैसा रोखे काढून बाजारातून उभा करायचा. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन अध्यक्ष झाले. गंमत बघा, दोन कडवे समाजवादी, आणि त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम उभं राहिलं ते रोख्यांच्या पैशावर! मला यात विसंगती दिसत नाही. गाडी सार्वजनिक मालकीची असावी यावर ते ठाम होते. पैसा कुठल्या खिडकीतून येतो यावर अडून बसले नाहीत.

दंडवत्यांच्या एकमेव अर्थसंकल्पाबद्दल मात्र मी इतका निःशंक नाही. सोनं बाळगण्यावर बंधनं घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा उठवला ते योग्यच केलं, त्या कायद्याने तस्करीच पोसली होती. पण दहा हजार रुपयांपर्यंतची शेतीकर्ज माफी? त्या रकमेने लहान शेतकऱ्याच्या मानेवरचा फास सैल झाला, हे खरं. आणि ग्रामीण बँकांची वसुली पुढे ढासळली, ज्याने हप्ते वेळेवर भरले तो वेडा ठरला, हेही खरं. जाहीरनाम्यात वचन होतं, ते पाळलं. अर्थशास्त्राच्या पेपरात मी त्याला पूर्ण गुण देणार नाही.

नोव्हेंबर १९९० ला सरकार पडलं, आणि १९९१ ला दंडवते राजापुरातून हरले, रेल्वेचं काम चालू असताना. पुष्कळजण याला कोकणी माणसाचा कृतघ्नपणा म्हणतात. मला ते पटत नाही. राजापूरचं मत गावात पडायचं, पण ठरायचं मुंबईच्या गिरणगावात, जिथे कोकणातले चाकरमानी राहायचे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या ओस पडल्या, युनियनचं ऑफिस ओस पडलं, आणि गणपतीला गावी येणारा चाकरमानी येताना शिवसेनेच्या शाखेची भाषा घेऊन येऊ लागला. समाजवाद्यांची माणसं जिथे तयार व्हायची ती जागाच उरली नाही. त्यावर अभ्यासू भाषणाचा इलाज नव्हता. दंडवते पुढे १९९६ ते १९९८ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, त्याच काळात कोकण रेल्वे पूर्ण झाली. आणि १९९६ ला राजापूरने निवडून दिलेले शिवसेनेचे सुरेश प्रभू, पुढे भाजपमध्ये जाऊन, तेही रेल्वेमंत्री झाले. या मतदारसंघाला रेल्वेचं वेड जुनंच आहे.