कॉइलच्या आधी कागद: अमेरिकी सैनिकांचा टीएमएस उपचार आणि ट्रायकेअर

(दृश्य: आरामखुर्चीत बसलेला रुग्ण. डोक्याला डावीकडून टेकवलेली कॉइल. टकटक आवाज.)

चार सेकंद टकटक. मग सव्वीस सेकंद शांतता. कॉइलमधून सेकंदाला १० चुंबकीय स्पंदनं मेंदूच्या पुढच्या, डाव्या भागात पोहोचतायत. असं ७५ वेळा झालं की ३,००० स्पंदनं भरतात. साडेसदतीस मिनिटांनी रुग्ण उठतो आणि कामावर जातो. हाच टीएमएस, म्हणजे बाहेरून चुंबकीय स्पंदनं देऊन मेंदूला चालना देणारा नैराश्यावरचा उपचार. भूल द्यावी लागत नाही.

१९८५ मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र पहिल्यांदा दाखवलं. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर २००८ मध्ये पहिल्या यंत्राला परवानगी दिली. २०१८ मध्ये तीन मिनिटांच्या, ६०० स्पंदनांच्या पद्धतीलाही मान्यता मिळाली. पण रोज यावं लागतंच: आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, आणि मग हळूहळू कमी करत आणखी सहा सत्रं. एकूण ३६.

(दृश्य: सैनिकी तळाचं प्रवेशद्वार.)

अमेरिकेतले सैनिक, निवृत्त सैनिक आणि त्यांची कुटुंबं यांचा आरोग्यविमा म्हणजे ट्रायकेअर. तीव्र नैराश्याच्या आजारासाठी ट्रायकेअर टीएमएसचा खर्च उचलतं, पण पूर्वमंजुरी घेऊनच. ही मंजुरी बहुतेकदा अडते ती जुन्या औषधांच्या नोंदींपाशी.

अर्ज तपासणाऱ्यासमोर रुग्ण नसतो, फाइल असते. 'औषधांचा उपयोग झाला नाही' एवढं एक वाक्य त्याला पुरत नाही. प्रत्येक औषधाचं नाव, डोस किती मिलिग्रॅमपर्यंत नेला, किती आठवडे घेतलं, का थांबवलं, हे सगळं तारखांसह लागतं. दोन आठवड्यांत बंद केलेली गोळी 'पुरेसा प्रयत्न' धरली जात नाही. मात्र ती दुष्परिणामामुळे बंद केली असेल, तर तो दुष्परिणाम कोणता हे लिहिलेलं हवं. समुपदेशनाच्या नोंदी जोडा. नैराश्य किती आहे हे मोजणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीचे गुण ताजे हवेत, गेल्या वर्षीचे चालत नाहीत.

आता सैनिकाची अडचण बघा. तीन वर्षांत तीन तळ, तीन डॉक्टर. आज सैनिकी रुग्णालयांच्या नोंदी 'जेनेसिस' प्रणालीत असतात आणि रुग्णाला त्या पोर्टलवर दिसतात. त्याआधीच्या नोंदी मात्र जुन्या प्रणालीत आहेत. त्या मागवायला रुग्णालयाच्या नोंदणी विभागात लेखी अर्ज द्यावा लागतो. टीएमएसचा विषय डॉक्टरांनी पहिल्यांदा काढला, त्याच दिवशी हा अर्ज द्या.

निदानाचाही प्रश्न आहे. युद्धावरून परतलेल्यांमध्ये नैराश्य आणि पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार) बऱ्याचदा एकत्र असतात. टीएमएसला एफडीएची मान्यता नैराश्यासाठी आहे, पीटीएसडीसाठी नाही. दोन्ही आजार असतील आणि अर्जावर मुख्य निदान पीटीएसडीचं गेलं, तर नकार येणं जवळपास ठरलेलं. डॉक्टरांनी दोन्ही निदानं खरी तशी, स्वतंत्रपणे मांडायला हवीत.

(दृश्य: तंत्रज्ञ रुग्णाच्या उजव्या अंगठ्याकडे निरखून पाहतोय.)

पहिल्या दिवशी कॉइल जरा मागे ठेवतात आणि तीव्रता हळूहळू वाढवतात. ज्या तीव्रतेला उजव्या हाताचा अंगठा फडकतो, तो त्या माणसाचा उंबरठा. उपचाराची तीव्रता सहसा त्याच्या १२० टक्के. बिलात या पहिल्या भेटीचा कोड ९०८६७, रोजच्या सत्राचा ९०८६८, उंबरठा पुन्हा मोजला तर ९०८६९. मधेच औषध बदललं, तर उंबरठा पुन्हा मोजावा लागू शकतो. त्यामुळे मंजुरीपत्रात तिन्ही कोड आहेत का, सत्रं किती आणि शेवटची तारीख कोणती, हे खुर्चीत बसण्याआधी वाचा. मुदत उलटल्यावर झालेली सत्रं बिलात अडकतात.

सैनिकांना तीन गोष्टी आवर्जून विचारल्याच पाहिजेत. डोक्यात किंवा मानेत स्फोटाचा लोखंडी तुकडा आहे का? कॉइलजवळ असं लोखंड असेल, तर हा उपचार करता येत नाही. मेंदूला मार लागला होता का? झटका (फिट) येण्याचा धोका एरवी फार थोडा असतो. जुनी इजा, अपुरी झोप, दारू अचानक सोडणं यांनी तो वाढतो. आणि ऐकू कमी येतं का? कॉइलचा आवाज मोठा असतो, म्हणून कानात बोळे प्रत्येक सत्राला हवेतच.

(दृश्य: नकाशा, पूर्व आणि पश्चिम विभाग.)

सेवेत असलेल्या सैनिकाला बाहेरच्या दवाखान्यात जायचं, तर आधी आपल्या सैनिकी डॉक्टरचं रेफरल, म्हणजे शिफारस, लागतं. ट्रायकेअरच्या 'प्राइम' योजनेतल्या इतरांनी रेफरल लागतं तिथे त्याशिवाय उपचार घेतले, तर वेगळी वजावट (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) आणि निम्मा खर्च त्यांच्याच माथी येतो. जवळच्या सैनिकी रुग्णालयात टीएमएसची सोय असेल, तर ते रुग्णाला आपल्याकडे बोलावू शकतं. निवृत्तांना कोपे, म्हणजे खिशातून भरायचा वाटा, दर भेटीला असतो, म्हणून ३६ भेटींचा हिशोब आधीच मांडावा. रुग्णाच्या खिशातल्या खर्चाची वार्षिक कमाल मर्यादा १ जानेवारीला नव्याने सुरू होते. नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू केलेला उपचार दोन वर्षांत विभागला जातो.

बदलीचा हुकूमही वाटेत येतो. ट्रायकेअरच्या पूर्व विभागाचं काम ह्युमाना मिलिटरी या कंपनीकडे आहे, पश्चिमेचं जानेवारी २०२५ पासून ट्रायवेस्टकडे. टेक्सस, इलिनॉय यांसह सहा राज्यं तेव्हाच पूर्वेतून पश्चिमेत गेली. विभाग बदलणार असेल, तर नव्या कंपनीकडे मंजुरीची चौकशी निघण्याआधी करा. मधे आठवडे गेले, तर उपचाराचा जोर ओसरतो.

नकार आला, तर पत्रावरच्या तारखेपासून ९० दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. नुसतं 'अन्याय झाला' लिहू नका. पत्रातलं नकाराचं कारण शब्दशः घ्या आणि त्यालाच उत्तर देणारा कागद जोडा. औषधाची नोंद कमी पडली असेल तर ती नोंद, गुण जुने असतील तर नवी प्रश्नावली, सोबत डॉक्टरांचं पत्र.

या साऱ्याला आठवडे लागतात आणि नैराश्य तेवढं थांबत नाही. म्हणून चालू औषधं आणि समुपदेशन मंजुरी येईपर्यंत सोडू नका. जीव द्यावासा वाटला, तर अमेरिकेत कुठूनही ९८८ फिरवा आणि १ दाबा. सैनिकांसाठीची ही मदतवाहिनी रात्रंदिवस सुरू असते, आणि तिला कुठलीही मंजुरी लागत नाही.