झिजलेला कोपरा

मंडळी, फळ्यावर ‘जुन्या कपड्यांचं कोलाज’ असं लिहिलंय. कोलाज म्हणजे तुकडे डकवून केलेलं चित्र. त्यावर येतेच, पण आधी बोहारणीचं सांगते.

इथे बडोद्यातच, दांडिया बाजारात आमचं घर होतं. दुपारची जेवणं आटोपली की बोहारीण पायरीवर टोपली टेकायची. आज्जीचं एक डाळिंबी इरकली लुगडं होतं. ती गेल्यावर वर्षाच्या आत घरच्यांनी ते एका स्टीलच्या डब्यावर देऊन टाकलं. घासाघीस झाली तीही डब्याला झाकण नव्हतं म्हणून! मी सातवीत. शाळेतून आले तर दांडी रिकामी.

त्या लुगड्यात काय होतं सांगू? आज्जी कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचायची. तिथे डाळिंबी उतरत उतरत फिकट गुलाबी झाला होता. पदराच्या टोकाला हळदीची दोन बोटं. गुडघ्यापाशी काठ विरलेला, कारण देवापुढे सारवायला ती रोज तिथे टेकायची. असा गुलाबी मला आजवर कुठल्याही रंगाच्या डबीत मिळालेला नाही. लोक म्हणतात, ‘जीर्ण झालं होतं हो.’ अहो, जीर्ण झालं होतं म्हणूनच ठेवायचं होतं!

आणि आपण बडोदेकरांनी तरी हे विसरू नये. लक्ष्मीविलास राजवाड्यात रविवर्म्याची पौराणिक चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. चित्रांच्या छापील प्रती काढा, असं त्यांना सुचवलं ते इथलेच माजी दिवाण टी. माधवराव यांनी. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला. त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना लोकांनी खऱ्या कापडाची लुगडी नेसवली, जर लावली, टिकल्या डकवल्या. पॅरिसमध्ये पिकासोने चित्रावर मेणकापड चिकटवलं ते १९१२ साली. आधी कोण, हा वाद मला घालायचा नाही. कोलाज शब्द फ्रेंच, पण कापड डकवणारे हात आपल्या माजघरातही होते, एवढंच मला म्हणायचंय.

चिठ्ठी आली, सातच मिनिटं उरलीत. तर मूळ मुद्दा.

शिंप्याकडच्या कोऱ्या कात्रणांनी चित्र करू नका. कोरं कापड एकाच सुरात बोलतं. वापरलेल्या कुडत्याची शिवण उसवा, आत दुमडलेली पट्टी मूळ रंगाची निघते आणि बाहेरचा भाग उन्हाने, धुण्याने फिका झालेला असतो. एकाच कापडात सावलीही आणि ऊनही. चेहरा करायचा तर त्यातच करा.

कापड धुऊन खळ पूर्ण काढा. इस्त्री हलकी, चुण्या मोडू नका. चिकटवायला मैद्याची पातळ खळ, आणि ती खालच्या पुठ्ठ्यावर लावा, चिंधीवर नाही, नाहीतर तलम कापडातून डाग वर येतो. मधून कडेकडे बोटाने दाबत जा. सरळ कापलं की कडेचे धागे सुटतात. ते नको असतील तर उरेब, म्हणजे तिरकं कापा, हवे असतील तर सुटू द्या. पॉलिएस्टरला खळ नीट धरत नाही, तिथे बारीक धावदोरा घाला. पूर्ण झालेलं चित्र उन्हात टांगू नका, रंग आधीच पुष्कळ ऊन खाऊन आलाय.

आता मागच्या टेबलाकडे या. कुणी जुनं धोतर आणलं असेल तर ते आधी मला दाखवा. निरीजवळ नीळ साचलेली असते, बसायच्या जागी पांढरा पिवळट पडलेला असतो, आणि काठाजवळ तो अजून तसाच कोरा असतो.