ब्राउझर पुन्हा टाकू नका

सुरुवातीलाच एक गंमत सांगते. मी दारात चप्पल काढत होते, तेवढ्यात एका काकांनी मला गाठलं. "ताई, आमचं इंटरनेट उघडलं की दोन मिनिटांत आपोआप मिटतं. काढून पुन्हा टाकलं. तीनदा टाकलं. तरी तेच." मी म्हटलं, काका, पुढच्या रांगेत बसा, आजचं सगळं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

अठरा वर्षं मी साताऱ्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. काका ज्याला इंटरनेट म्हणतात तो ब्राउझर, म्हणजे क्रोम, फायरफॉक्ससारखा वेबसाइटी उघडायचा प्रोग्राम. या वर्षांत ब्राउझर बंद पडण्यावर लोकांनी केलेला सगळ्यात लाडका उपाय हाच: काढा आणि पुन्हा टाका. आमच्या धंद्यातली माणसंही हेच करतात, कारण त्यात अर्धा तास जातो आणि गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटतं. पण बहुतेक वेळा त्यानं काही होत नाही. का होत नाही, ते आधी बघू.

ब्राउझर म्हणजे एक प्रोग्राम आणि एक प्रोफाइल. प्रोग्राम सगळ्यांचा सारखाच. प्रोफाइल मात्र तुमचं स्वतःचं: बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्राम), सेटिंग, साठवलेल्या वेबसाइटींचा पसारा. हे सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये राहतं. प्रोग्राम काढताना क्रोम एक छोटी चौकट दाखवून विचारतो, ब्राउझिंगचा डेटाही पुसायचा का? आपण घाईत तिकडे बघत नाही. म्हणजे प्रोग्राम नवा आला, प्रोफाइल जुनंच राहिलं. पातेलं घासून लखलखीत केलं, दूधही ताजं घेतलं, पण विरजण तेच जुनं आंबट लावलं, तर दही कसं लागणार? बरं, ती चौकट टिचकवली तर बुकमार्क जातात, पासवर्ड जातात, आणि दोष रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या कामापुरत्या मेमरीत, असेल तर इतकं गमावूनही ब्राउझर पडतोच.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: नक्की काय पडतं? एक टॅब, म्हणजे उघडलेलं एकच पान, पडतो, अख्खा ब्राउझर मिटतो, की निळा पडदा येऊन मशीनच बंद होतं? लोक तिन्हीला "हँग होतं" म्हणतात. आणि नुसतं गोठून बसणं, म्हणजे खरा हँग, ही चौथीच गोष्ट.

पूर्वी हा फरक करायची सोय नव्हती. एका पानानं गडबड केली की सगळी पानं एकदम जायची. 2008 साली क्रोम आला तोच प्रत्येक टॅबला वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा भाग, देऊन. फायरफॉक्सनं ही वाट 2016 मध्ये, 48 व्या आवृत्तीपासून धरली. वाड्यात एकच मेन फ्यूज असायचा आणि आता खोलीखोलीला वेगळी एमसीबी असते, तसं. एका खोलीतली एमसीबी पडली की बाकी घरात उजेड राहतो. म्हणून एकच टॅब पडत असेल तर ब्राउझरला हात लावू नका, त्या पानाकडे बघा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती मेमरी खातोय ते समोर दिसतं.

मेमरीवरून एका आजोबांचं घर आठवलं. तक्रार अशी, की दुपारनंतर टॅब मरतात, त्यावर "आउट ऑफ मेमरी" येतं. रॅम 4 जीबी, टॅब जेमतेम सात. एवढ्यात पडायला नको. मी धिस पीसी उघडलं तर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक, जेमतेम 300 एमबी शिल्लक. तुम्ही म्हणाल, डिस्कचा आणि मेमरीचा काय संबंध? आहे. रॅम कमी पडायला लागली की विंडोज डिस्कवरची जागा उसनी घेतं, त्या फाइलला पेजफाइल म्हणतात. ती गरजेप्रमाणे फुगते. डिस्कच भरलेली असेल तर फुगायला जागा नाही, मग ब्राउझर मेमरी मागतो, विंडोज नाही म्हणतं, आणि टॅब जागीच संपतो. एवढी डिस्क भरली कशानं? डाउनलोड फोल्डरमध्ये चार वर्षांचे शुभ सकाळचे व्हिडिओ. सूर्योदय, गुलाब, वाफाळता चहा. आजोबा म्हणाले, "पाठवणाऱ्यांचा मान राखायला हवा ना." मान राखून आम्ही ते एका पेनड्राइव्हवर हलवले. टॅब पडायचे थांबले. ब्राउझर मी पुन्हा टाकला नाही.

आता अख्खा ब्राउझर मिटतो, त्याबद्दल. इथे पहिला संशय एक्स्टेन्शनवर. कुठलं तरी कूपन शोधणारं, कुठलं पीडीएफ फिरवणारं, आणि एक असं, जे कुणी टाकलं ते घरात कुणालाच माहीत नाही. तपासायला क्रोमची इनकॉग्निटो (खाजगी) खिडकी उघडा. मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथे एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्स उघडताना शिफ्ट दाबून धरलं तर तो ट्रबलशूट मोडमध्ये जायचं का असं विचारतो, तिथेही ती बंद राहतात. तिथे नीट चाललं तर चोर एक्स्टेन्शनांत आहे. मग एकेक बंद करत बसू नका. सोळा असतील तर आठ बंद करा. तरी पडतोय? मग चोर चालू असलेल्या आठांत. त्यातली चार बंद करा. चार फेऱ्यांत एकच उरतं. आणि इनकॉग्निटोतही पडत असेल तर कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकवून नवीन प्रोफाइल तयार करा, जुनं तसंच राहू द्या. नव्यात दोन दिवस काम करून बघा. सुरळीत चाललं तर जुन्याचे बुकमार्क आणा, बाकी सोडून द्या.

एक पथ्य मात्र पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. एक्स्टेन्शन काढलं, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्राम) बदलला, अँटीव्हायरस बंद केला, आणि ब्राउझर सुधारला, तर कशानं सुधारला? पुढच्या महिन्यात पुन्हा पडेल आणि तुम्ही पुन्हा शून्यावर.

यानंतरची पायरी मला सगळ्यात आवडते, आणि दहातल्या नऊ घरांत ती कुणी पाहिलेली नसते. विंडोज स्वतः रोजनिशी लिहितं. स्टार्टवर जाऊन इंग्रजीत "रिलायबिलिटी" टाइप करा, "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" येईल. उघडलं की दिवसांचे रकाने दिसतात, ज्या दिवशी काही पडलं त्या रकान्यात लाल फुली. फुलीवर टिचकवा, खाली कोण पडलं त्याचं नाव. त्यावर दोनदा टिचकवा, तपशील उघडतो. त्यात एक ओळ शोधा, "फॉल्ट मॉड्यूल नेम". ब्राउझर नेमका कुणाच्या कोडमध्ये असताना कोसळला, ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे एनव्हीनं सुरू होणारं नाव दिसलं तर बहुधा एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, आयजीडीनं सुरू झालं तर इंटेलचा. तिथे ब्राउझरचंच नाव असेल तर मात्र फारसं कळत नाही. जो पडतो तोच गुन्हेगार असतो असं नाही, खड्डा दुसऱ्यानं खणलेला असू शकतो.

ग्राफिक्सवर संशय असेल, म्हणजे व्हिडिओ लावला की पडतो, पान वरखाली करताना काळे चौकोन दिसतात, तर ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन बंद करून बघा. त्यानं चित्र काढण्याचं काम ग्राफिक्स चिपकडून काढून मुख्य प्रोसेसरकडे जातं. थांबलं, तर ड्रायव्हर कॉम्प्युटर बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा घ्या आणि ते सेटिंग परत चालू करा. कायमचं बंद ठेवलं तर जुन्या मशीनवर व्हिडिओ अडखळतो.

अँटीव्हायरसचं थोडक्यात. काही अँटीव्हायरस आपला कोड ब्राउझरच्या पोटात घुसवतात, आणि ब्राउझर नवा झाला की तो कोड तिथे बसत नाही. या प्रकाराला कंटाळूनच क्रोमनं 2018 पासून अशा घुसखोरीबद्दल आधी इशारे द्यायला सुरुवात केली, पुढे ती अडवायलाही. आणि दोन अँटीव्हायरस? एका म्यानात दोन तलवारी. एक काढा.

कधी कधी तुमच्या घरात काहीच बिघडलेलं नसतं. 13 जानेवारी 2022 ला जगभरातले फायरफॉक्स एकाएकी गोठले. लोकांनी आपल्या घरी काही बिघडवलं नव्हतं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं नंतर सगळं उलगडून सांगितलं. मोझिला ज्याची सेवा वापरते त्या क्लाउडवाल्यानं, म्हणजे सर्व्हर भाड्यानं देणाऱ्यानं, आपल्याकडे एक ठरलेलं सेटिंग बदललं आणि एचटीटीपी-3, म्हणजे इंटरनेटवर माहिती आणण्या-नेण्याची नवी पद्धत, चालू झालं. फायरफॉक्सच्या त्या भागात एक जुनी चूक दडून बसली होती. "कन्टेन्ट-लेन्थ", म्हणजे मजकूर केवढा आहे ते सांगणारं, हे शीर्षक तो मोठ्या अक्षरांसकट शोधत होता आणि ते आलं होतं सगळं छोट्या अक्षरांत. सापडेना, म्हणून तो त्याच फेऱ्यात गोल गोल फिरत राहिला, आणि नेटवर्कचं सगळं काम त्या एकाच दोऱ्यावर चालत असल्यामुळे बाकी पानंही अडकली. मोठं अक्षर आणि छोटं अक्षर, एवढंच! त्या दिवशी कुणी फायरफॉक्स दहा वेळा पुन्हा टाकला असता तरी काय झालं असतं? म्हणून गोष्ट अचानक सुरू झाली असेल तर शेजाऱ्याला, पुण्याच्या भाच्याला एक फोन करा. तुमच्याकडे पण असंच का?

विंडोज 7 अजून वापरणारे कुणी आहेत का? तीन हात वर. तुमच्यासाठी क्रोमची शेवटची आवृत्ती 109, ती 2023 च्या सुरुवातीची. त्यानंतर वेबसाइटी पुढे गेल्या, तुम्ही तिथेच. बँकेचं काम त्यावर करू नका, एवढंच म्हणते. विंडोज 10 चाही नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

आणि पडणं नसून पडल्याचं सोंग असतं, ते ओळखा. पडदाभर लाल पान, कर्कश आवाज, "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा". ते नुसतं एक पान असतं. फोन करायचा नाही. ऑल्ट आणि एफ-4 दाबा, नाही गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर "आधीची पानं परत आणू का" विचारेल, तेव्हा नाही म्हणा, नाहीतर तो पाहुणा परत येऊन बसेल.

आता माझी फजिती. एका घरी मी तीन दिवस हेलपाटे घातले. ब्राउझर पडायचा, कधी वर्ड पडायचं, एकदा सुनबाईंचा फोटोंचा प्रोग्राम पडला. वेगवेगळे प्रोग्राम पडतायत, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी ते ऐकून सोडलं. प्रोफाइल बदललं, ड्रायव्हर बदलले, तिसऱ्या दिवशी विंडोज नव्यानं टाकलं. संध्याकाळी पुन्हा पडला. मग डोक्यात प्रकाश पडला: वेगवेगळे प्रोग्राम पडतायत, म्हणजे दोष एकट्या ब्राउझरचा नाही. स्टार्टमधून विंडोज मेमरी डायग्नोस्टिक लावलं, वीस मिनिटांत उत्तर आलं: हार्डवेअरचा दोष. रॅम. त्या काकूंनी चहा दिला आणि पैसे द्यायला पाकीट काढलं, तेव्हा मला मान वर करवेना. तीन दिवसांचे नाही, एकाच दिवसाचे घेतले.

रॅमच्या दोन काठ्या होत्या. वायर भिंतीतून काढली, चालू करायचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, मग दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून रॅम काढल्या. त्यांच्या पिवळ्या पट्ट्यांवर काळपट पापुद्रा चढला होता. खोडरबरानं एकाच दिशेनं हलक्या हातानं घासल्या, भुगा झटकला, एक रॅम लावून तपासणी केली, मग दुसरी लावून. एक साफ निघाली, दुसरी खरंच गेलेली होती. बदलली. ब्राउझर त्यानंतर पडला नाही, वर्डही नाही.

काका, तुम्ही आज घरी गेलात की रोजनिशी उघडा आणि लाल फुलीखाली जे नाव असेल ते कागदावर लिहून मला फोन करा. तोवर काहीही काढू नका, काहीही टाकू नका.

हां, मागून काय विचारलंत? खोडरबर कुठलं? साधं पांढरं, शाळेतल्या मुलांचं. शाईचं खरखरीत नको, पट्टीवरचा मुलामाच निघून जाईल. आणि घासून झालं की नातवाला परत द्या, माझ्या पर्समध्ये अशी सात जमली आहेत.